साडेतीस मिलिमीटरची वजाबाकी

मे महिन्यात सांगलीला गेलो होतो, तेव्हा मामांनी कपाटातून एक लेन्स काढून दिली. निकॉनची ५० मिलिमीटर, एफ/१.८, ‘डी’ प्रकारची. मामांनी वीसेक वर्षं लग्नाचे फोटो काढले. आधी रोलवर, मग डी९० वर. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते बंद आहे. लेन्स साधी, प्लास्टिकची, जेमतेम दीडशे ग्रॅमची. रबराची पट्टी पांढुरकी पडलेली, पण काच स्वच्छ. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. "तुझ्या त्या नव्या कॅमेऱ्याला लाव की," म्हणाले.

माझा कॅमेरा मिररलेस, झेड ५. जुन्या लेन्ससाठी लागणारा एफटीझेड नावाचा अडॅप्टर बॅगेत होताच. लावला. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला, अंगणात शेंगा निवडत बसलेल्या मामींवर रोखला आणि बटण अर्धं दाबलं. परत दाबलं. मग कॅमेरा खाली घेऊन लेन्सकडे बघितलं.

"ह्ये फिरंना की रे."

फिरणार नाही हे मला माहीत होतं. कोणत्या लेन्सचं काय चालेल आणि काय नाही, याचा तक्ता मी कॅमेरा घेण्याआधीच वाचला होता, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. फसवणूक कुणीच केलेली नाही. तरी "मामा, या लेन्सचा ऑटोफोकस यावर चालत नाही, हाताने करावा लागेल" हे सांगताना मला उगाच अपराधी वाटलं. कंपनीही तीच, माउंटच्या कड्यावर नावही तेच. मग का नाही चालत? मामांनी हा प्रश्न विचारला नाही, पण मला तो तेव्हापासून सोडत नाहीये.

या अंकात कादंबऱ्यांची आणि सिनेमांची समीक्षा वाचायला तुम्ही आला असाल. मी एका धातूच्या कड्याची समीक्षा करणार आहे. कुणीतरी विचार करून, काहीतरी निवडून आणि काहीतरी सोडून देऊन बनवलेली प्रत्येक गोष्ट समीक्षेला पात्र असते असं मला वाटतं. शिवाय लेन्स माउंट ही अशी रचना आहे की तिचे निर्णय बदलायला कंपन्यांना तीस-तीस, साठ-साठ वर्षं लागतात. इतका टिकाऊ निर्णय आमच्या धंद्यात कुणी घेत नाही.

आधी थोडं भूमितीचं. लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. लेन्स बनवणारा हे अंतर गृहीत धरूनच काचा बसवतो. ते मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी चुकलं, तरी उघड्या अ‍ॅपर्चरला दूरचे डोंगर धूसर व्हायला लागतात. एसएलआर आणि डीएसएलआर कॅमेऱ्यांत हे अंतर मोठं ठेवणं भाग होतं, कारण मध्ये आरसा असायचा. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर व्ह्यूफाइंडरकडे वळवायचा आणि फोटो काढायच्या क्षणी फटकन वर उचलला जायचा. तो ‘खटॅक’ आवाज या आरशाचा. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून निकॉनच्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफचं ४४, पेंटॅक्सच्या के माउंटचं ४५.४६.

आरसा काढला की ही जागा मोकळी होते. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६. आता वजाबाकी करा. ४६.५ वजा १६ म्हणजे ३०.५. साडेतीस मिलिमीटर लांबीची नळी मध्ये घातली की निकॉनच्या जुन्या लेन्सला वाटतं, आपण जुन्याच घरात आहोत. उलटं मात्र होत नाही. १६ मिलिमीटरसाठी बनलेली लेन्स ४६.५ च्या कॅमेऱ्यावर लावायची तर ती आरशाच्या पेटीत घुसवावी लागेल. जुनं नव्यावर चालतं, नवं जुन्यावर चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ज्याला आम्ही बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो, ती इथे भूमितीनेच फुकट दिलेली आहे. पण फुकट मिळते ती फक्त प्रकाशापुरती. अ‍ॅपर्चर कोण हलवणार आणि फोकस कोण फिरवणार, हे प्रश्न भूमिती सोडवत नाही.

निकॉनची खरी गोष्ट तिथे सुरू होते. एफ माउंट १९५९ सालचा. निकॉनने तो कधीच टाकून दिला नाही आणि जाहिरातीत याचा अभिमान नेहमी मिरवला. पण बारकाईने बघितलं तर तो कोकणातल्या जुन्या घरासारखा आहे. मूळ चौकट तीच, पण प्रत्येक पिढीने एक पडवी काढली, एक दार बुजवलं. सुरुवातीला लेन्सचं अ‍ॅपर्चर एका छोट्या तरफेने हलायचं आणि मीटरला त्याची खबर लेन्सवरच्या शिंगासारख्या दुफाट्याने मिळायची. १९७७ साली ‘एआय’ पद्धत आली, रिंगच्या कडेला एक उंचवटा आला आणि मीटर तो वाचू लागला. जुन्या लेन्स पैसे घेऊन एआय करून देण्याची सोय निकॉनने ठेवली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. १९८६ मध्ये ऑटोफोकस आला. त्याची मोटर कॅमेऱ्याच्या पोटात. माउंटच्या कड्यातून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा दांडा बाहेर यायचा आणि लेन्सच्या बुडातल्या खाचेत अडकून ती फिरवायचा. मामांची लेन्स ही अशी आहे. तिला स्वतःची मोटर नाही, ती कॅमेऱ्याच्या हातून फिरते.

नव्वदच्या दशकात मोटर लेन्समध्येच जाऊ लागली. मग ‘जी’ लेन्स आल्या, त्यांची अ‍ॅपर्चर रिंगच काढून टाकलेली. म्हणजे ज्या जुन्या कॅमेऱ्यांना अ‍ॅपर्चर रिंगने ठरवावं लागायचं, त्यांवर या नव्या लेन्स बसतात पण निरुपयोगी. पुढे ‘ई’ लेन्समध्ये अ‍ॅपर्चरही विजेवर गेलं. जुन्या कॅमेऱ्यावर ते उघडंच राहतं. २०१६ मध्ये ‘एएफ-पी’ आल्या. त्या बऱ्याच जुन्या डीएसएलआरवर फोकसच करत नाहीत. आणि या सगळ्याच्या मध्ये, २००६ साली डी४०. स्वस्त, छोटा, लोकप्रिय डीएसएलआर, ज्यातून पोटातली मोटर काढून टाकली होती. म्हणजे मामांची लेन्स निकॉनच्याच कॅमेऱ्यावर गप्प बसण्याची सुरुवात मिररलेसने केलेली नाही, ती त्याच्या १२ वर्षं आधी झाली होती. गंमत अशी की डी४० मध्ये एआयचा उंचवटा वाचणारी तरफही नव्हती, त्यामुळे १९५९ च्या जमान्यातल्या, एआय न केलेल्या लेन्स त्याला सुखरूप बसायच्या, आणि महागड्या कॅमेऱ्यांना त्या लावल्या तर काहीतरी मोडायची भीती. सगळ्यात स्वस्त खोलीत सगळ्यात जुने पाहुणे.

म्हणून ‘१९५९ पासून तोच माउंट’ हे वाक्य खरं आहे आणि नाहीही. प्लग तोच आहे, सॉकेट तोच आहे. कुठल्या पिनेतून वीज वाहते हे मात्र तुमच्याकडे कुठल्या सालचा प्लग आणि कुठल्या सालचं सॉकेट आहे यावर अवलंबून. निकॉनवाल्यांना त्यासाठी भलेमोठे तक्ते पाठ करावे लागायचे.

आता कॅननकडे बघा. १९८७ साली ऑटोफोकसच्या कॅमेऱ्यांसाठी त्यांनी ईएफ नावाचा नवा माउंट आणला आणि तोवरच्या एफडी माउंटला सरळ रामराम ठोकला. एफडीचं अंतर ४२ मिलिमीटर, ईएफचं ४४. म्हणजे वजाबाकी उणे दोन. मध्ये काच घातल्याशिवाय जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर दूरचं दृश्य फोकस करूच शकत नव्हती. ज्यांनी आयुष्याची कमाई एफडी लेन्सांत घातली होती ते भडकले, आणि त्यांचं भडकणं रास्त होतं. पण ईएफमध्ये एक गोष्ट पहिल्या दिवसापासून होती. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात तरफ, दांडा, उंचवटा असं यांत्रिक काहीही नव्हतं. फोकसची मोटर लेन्समध्ये, अ‍ॅपर्चरची मोटर लेन्समध्ये, आणि दोघांच्या मध्ये फक्त विजेचे संपर्कबिंदू. १९८७ च्या मानाने हा निर्णय भलताच धीट.

३१ वर्षांनी, २०१८ मध्ये, कॅननने आरएफ माउंट आणला. माउंटचा व्यास तोच, ५४ मिलिमीटर. अंतर २०. ईएफ लेन्स लावायला अडॅप्टर लागतो तो २४ मिलिमीटर लांबीची रिकामी नळी, आतून तारा. बस. १९८७ ची पहिली ईएफ लेन्ससुद्धा त्यावर ऑटोफोकस करते. नळी इतकी रिकामी, की तिच्या एका प्रकारात त्या पोकळीत फिल्टर सरकवायची सोय केलेली आहे. रुंद लेन्ससाठी समोर ताटाएवढा फिल्टर घेण्याऐवजी मागे छोटासा घालायचा. जुन्या लेन्सला अडॅप्टरमुळे आधी नसलेलं काहीतरी मिळालं, असं क्वचितच होतं.

निकॉनचा एफटीझेड त्याच वर्षी आला. त्याला रिकामी नळी असून चालणार नव्हतं, कारण निकॉनच्या बहुतेक लेन्सना अ‍ॅपर्चरची तरफ कुणीतरी हलवावी लागते. म्हणून अडॅप्टरच्या आत एक छोटी यंत्रणा आहे, तिच्यासाठी खाली एक कुबड आलं आहे, आणि त्या कुबडाला ट्रायपॉडचा पाय. मोठी ट्रायपॉड-प्लेट लावली की हे कुबड तिच्यावर आदळायचं. २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काढलं, ते बरं केलं. मामांच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर त्यामुळे नीट चालतं, मीटर चालतं, फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरचा आकडाही येतो. एवढंच काय, झेड ५ चा सेन्सर हाताची थरथर सावरतो, म्हणजे या लेन्सला तिच्या म्हातारपणी स्थिरताही मिळाली. फक्त फोकस नाही.

अ‍ॅपर्चरची मोटर घातली, फोकसची नाही घातली. माझी समीक्षा या एका वगळण्यावर अडून बसली आहे.

निकॉनच्या बाजूने बोलायचं तर कारणं आहेत, आणि ती फालतू नाहीत. तो स्क्रू फिरवायला जोर लागतो. अ‍ॅपर्चरची तरफ हलवायला त्यामानाने काहीच नाही. तेवढी मोटर साडेतीस मिलिमीटरच्या नळीत, मधला प्रकाशाचा मार्ग मोकळा ठेवून बसवायची, आणि तिला वीज द्यायची ती कॅमेऱ्याच्या त्याच बॅटरीतून, जी आधीच दमलेली असते. (मिररलेसमध्ये सेन्सर आणि व्ह्यूफाइंडरचा छोटा पडदा सतत चालू असतो. निकॉनच्याच मानांकनानुसार डी८५० एका चार्जिंगमध्ये १८४० फोटो काढायचा आणि झेड ७ फक्त ३३०. बॅटरी दोघांची एकाच कुटुंबातली.) आणखी एक. मिररलेसचा ऑटोफोकस सेन्सरवरूनच होतो, तो लेन्सला बारीक-बारीक मागेपुढे करत राहतो. स्क्रूच्या दात्यांत थोडी ढिलाई असतेच. दिशा बदलली की आधी ती ढिलाई भरून निघते, मग काच हलते. शिवाय आवाज. व्हिडिओ काढताना लेन्समधून मिक्सरसारखी घरघर आली तर नवा कॅमेरा घेणारा शिव्या घालणार, आणि मामांच्या लेन्सला नाही, कॅमेऱ्याला.

हे सगळं मान्य. पण सोनीने २०२० मध्ये एलए-ईए५ नावाचा अडॅप्टर काढला. सोनीकडे मिनोल्टाकडून आलेला ए माउंट होता, १९८५ पासूनचा. त्याच्याही जुन्या लेन्स स्क्रूवर फिरणाऱ्या. त्या लेन्सचं अंतर ४४.५, ई माउंटचं १८, वजाबाकी २६.५, म्हणजे निकॉनपेक्षा ४ मिलिमीटर कमी जागा. तेवढ्या नळीत सोनीने अ‍ॅपर्चरची यंत्रणाही बसवली आणि स्क्रू फिरवणारी मोटरही, खाली कुबड न आणता. त्याची मर्यादा अशी की सुरुवातीला मोजक्याच कॅमेऱ्यांवर तो स्क्रू फिरायचा, आणि तो आला तेव्हा ए माउंट जवळजवळ संपला होता. तरीही ‘शक्यच नाही’ हे उत्तर त्या दिवशी बाद झालं. उरतं ते ‘परवडत नाही’ किंवा ‘गरज वाटत नाही’. ही उत्तरंही चालतील, कंपनी धर्मादाय संस्था नव्हे. पण मग ६० वर्षांच्या निष्ठेच्या जाहिरातीतलं एखादं वाक्य कमी करायला हवं होतं.

मला खरा खटकतो तो वेगळाच विरोधाभास. १६ मिलिमीटर हे अंतर मोठ्या सेन्सरच्या प्रमुख मिररलेस माउंटांत सगळ्यात कमी आहे. म्हणजे बाकी जवळपास सगळ्यांच्या लेन्स झेडवर लावायला जागा उरते. लायकाच्या एम लेन्सांचं अंतर २७.८, त्या आरामात बसतात. सोनीच्या ई लेन्सांसाठी उरतात फक्त २ मिलिमीटर, आणि तेवढ्यात टेकआर्ट नावाच्या कंपनीने ऑटोफोकससकट चालणारा अडॅप्टर बसवून दाखवला. हातात घेतला तर वॉशर वाटावा. याच कंपनीचा आणखी एक अडॅप्टर तर अख्खी लेन्सच मागेपुढे सरकवतो. ज्या हाताने फिरवायच्या लेन्सना जन्मात ऑटोफोकस नव्हता, त्यांना तो मिळतो. मामांची लेन्स आधी लायकाच्या अडॅप्टरवर आणि मग या सरकत्या अडॅप्टरवर, अशी दोन मजली चढवली तर तीही निकॉनवर ऑटोफोकस करते! निकॉनने बांधलेलं घर परक्या पाहुण्यांना इतकं सोयीचं, आणि स्वतःच्या थोरल्या मुलाला मात्र जिना चढता येत नाही.

आणि ही लेन्स हाताने फोकस करायला वाईट आहे, हे सांगायलाच हवं. मोटर स्वस्तात आणि पटकन फिरवू शकावी म्हणून अशा लेन्सांची रिंग मुद्दाम सैल ठेवलेली असते. बोट लागलं तरी सरकते. सत्तरच्या दशकातल्या निकॉन लेन्सची रिंग फिरवून बघा, मधात चमचा फिरवल्यासारखी जाते. तिचा ऑटोफोकस गेला म्हणून काही बिघडत नाही, कारण तो नव्हताच. मधल्या पिढीचं मरण. तिला हातासाठी बनवलं नाही आणि आता मोटरही नाही.

सोनीच्या ई माउंटवर मी इथवर कौतुकच केलं, तर थोडं वाईटही बोलतो. तो २०१० साली छोट्या सेन्सरच्या नेक्स कॅमेऱ्यांबरोबर आला. व्यास ४६.१ मिलिमीटर. पूर्ण फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३.३. म्हणजे २०१३ मध्ये ए७ ने त्यात मोठा सेन्सर बसवला, तेव्हा तो लहान भावाच्या शर्टात कोंबल्यासारखा दिसत होता. लेन्स काढून आत बघा, सेन्सरचे कोपरे कड्याच्या आड जातात. निकॉनने झेडचा व्यास ५५ ठेवला आणि त्याचा गाजावाजा केला. तो सिद्ध करायला ५८ मिलिमीटर, एफ/०.९५ ची नॉक्ट लेन्स काढली, २०१९ मध्ये. वजन २ किलो. आणि ऑटोफोकस नाही! जुन्या लेन्सचा ऑटोफोकस काढून घेणाऱ्या नव्या माउंटची मिरवायची लेन्सही हातानेच फिरवायची, यात काहीतरी काव्यात्म न्याय आहे. इकडे सोनीने त्याच अरुंद कड्यातून २०२१ मध्ये ५० मिलिमीटर एफ/१.२ काढून दाखवली, ऑटोफोकससकट, पाऊण किलोच्या आसपास. अरुंद माउंटमुळे लेन्स बनवणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो हे खरं; पण तो ताप ग्राहकाला दिसेल इतका मोठा ठरला नाही.

सोनीला जिंकवलं ते व्यासाने नाही. २०११ मध्ये त्यांनी ई माउंटचा मूलभूत तपशील इतर लेन्स-उत्पादकांना शुल्क न घेता देऊ केला. त्यामुळे आज सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्सांची रांग ई माउंटसाठी उभी आहे, आणि पगारातून हप्ता भरणारा माणूस तीच बघून कॅमेरा निवडतो. याउलट कॅनन. ज्या कंपनीची रिकामी नळी मी वर डोक्यावर घेतली, तिनेच आरएफचं दार बाहेरच्यांना लावून घेतलं. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या कंपनीला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवावं लागलं. आपल्या पेटंट आणि डिझाइनच्या हक्कांचा भंग होतोय, असं कॅननचं म्हणणं. सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाली ती २०२४ मध्ये, तीही छोट्या सेन्सरच्या लेन्सांपुरती. निकॉनने या बाबतीत मधला रस्ता घेतला: २०२२ मध्ये टॅमरॉन, पुढच्या वर्षी सिग्मा, परवाना देऊन.

म्हणजे बघा, भूतकाळाशी सगळ्यात सरळ वागलेली कंपनी शेजाऱ्यांशी सगळ्यात कडू. आणि कॅननचा भूतकाळही इतका स्वच्छ नाही, कारण मध्ये ईएफ-एम होऊन गेला. २०१२ चा छोटा मिररलेस माउंट, अंतर १८. एम५० हा कॅमेरा व्हिडिओ करणाऱ्या पोरांमध्ये भारी चालला. तुमच्या ओळखीच्या एखाद्या यूट्यूबरने नक्की वापरला असेल. मग आरएफ आला, २० मिलिमीटरचा. १८ ची लेन्स २० वर जात नाही. २० ची १८ वर न्यायची तर मध्ये फक्त २ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी दार बंद, तेही एकाच कंपनीच्या दोन खोल्यांमध्ये. कॅननने त्या माउंटसाठी स्वतःच्या ८ लेन्स काढल्या आणि २०२३ पर्यंत दुकान आवरलं. १९८७ ची लेन्स चालते, २०१८ ची चालत नाही. ज्याने पहिल्या पगारातून एम५० घेतला, त्याला १९८७ च्या दूरदृष्टीचं कौतुक कुणी सांगू नये.

अंतर बदलायचंच नाही, असं एकाने करून बघितलं होतं. पेंटॅक्सचा के-०१, २०१२. मिररलेस, पण माउंट जुना के, अंतर जुनंच ४५.४६. आरसा काढला आणि त्याची खोली तशीच रिकामी ठेवली. रूप मार्क न्यूसन या नामांकित डिझायनरचं. पिवळ्या रंगात तो खेळण्यातल्या विटेसारखा दिसायचा. १९७५ पासूनच्या के लेन्स अडॅप्टरशिवाय, स्क्रूवर फिरणाऱ्या ऑटोफोकससकट. म्हणजे मी मामांच्या वतीने जे मागतोय ते सगळं त्यात होतं. तो फार चालला नाही. लोकांनी त्याच्या जाडीची टिंगल केली, आणि खरं सांगायचं तर मीही तो घेतला नसता.

बरं, ही सगळी तोडफोड ज्यासाठी केली ते हलकं-बारीक स्वप्न तरी पूर्ण झालं का? रुंद लेन्समध्ये झालं. आरशाच्या पेटीला ओलांडून प्रकाश पोचवायला लेन्सवाल्यांना मागून-पुढून काचांची मोठी कसरत करावी लागायची. ती कमी झाली. निकॉनची १४-२४ एफ/२.८ एफ माउंटमध्ये सुमारे १ किलोची, झेडमध्ये ६५० ग्रॅमची, आणि समोरची काच फुगीर नाही. टेलिफोटोमध्ये मात्र काहीच झालं नाही. कॅननच्या पहिल्या आरएफ ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४ बघा, ईएफच्याच लेन्सांना मागे शेपूट जोडल्यासारख्या आहेत. अडॅप्टर कायमचा चिकटवलाय, एवढंच. आणि साधी ५०? झेडची एफ/१.८ ‘एस’ ४१५ ग्रॅमची, ९ गटांत १२ काचा. मामांचीत ५ गटांत ६. नवी कोपऱ्यापर्यंत सुरीसारखी तीक्ष्ण आहे, मामांची उघड्या अ‍ॅपर्चरला कडेला लोण्यासारखी. पण ती खिशात मावते. बारीक कॅमेऱ्यावर जाड लेन्स, हा सौदा ज्याने केला त्याला मी चूक म्हणणार नाही; फक्त ‘मिररलेस म्हणजे हलकं’ असं मला दुकानात सांगितलं गेलं होतं.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याला माउंट नाही, त्यामुळे त्याच्यापुढे हे कुठलेच प्रश्न नाहीत. लेन्स, सेन्सर आणि सॉफ्टवेअर एकत्र जन्मतात, एकत्र मरतात. नव्या मिररलेस लेन्सही त्याच वाटेवर आहेत: कॅननच्या आरएफ १६ एफ/२.८ सारख्या लेन्सचं मूळ चित्र कडेला चांगलंच वाकलेलं असतं, ते कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर सरळ करतं. स्वस्त आणि छोटी लेन्स मिळते म्हणून हे मला आवडतं. पण अशी लेन्स ४० वर्षांनी कुणाच्या भाच्याने कपाटातून काढली, तर तिला दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर कुठून आणणार?

इथे मला माझं स्वतःचं सांगावं लागेल. गेल्या वर्षी ऑफिसात आम्ही एका एपीआयची पहिली आवृत्ती बंद केली. बंद करण्याचा प्रस्ताव माझा होता. डॅशबोर्डवर जुन्या आवृत्तीची रेघ जवळजवळ शून्याला टेकली होती. सहा महिने आधी ईमेल गेले, माहितीच्या पानावर लाल पट्टी लावली. बंद केल्यावर दोन दिवसांनी सपोर्टकडून एक फोन माझ्याकडे वळवला गेला. एका तालुक्याच्या गावातला दुकानदार होता, त्याचं बिलिंग कुणीतरी सात वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं आणि ते लिहिणारा आता दुबईत होता. "साहेब, काल चालत होतं, आज का नाही?" मी त्याला माहितीच्या पानाचा दुवा पाठवला. इंग्रजीतल्या. त्या रात्री मला झोप लागली होती, खोटं कशाला बोलू.

एफटीझेडची चर्चा ज्या बैठकीत झाली असेल तिथेही अशीच एक रेघ कुणीतरी दाखवली असेल. किती लोक अजून स्क्रूच्या लेन्स वापरतात, त्यातले किती नवा कॅमेरा घेतील, मोटर घातली तर अडॅप्टर कितीने महागेल. त्या खोलीत मी असतो तर बहुधा मीही तीच रेघ दाखवली असती. म्हणून हा निर्णय दुष्ट होता असं मी म्हणत नाही. तो लहान मनाचा होता असं म्हणतो, आणि हे म्हणायचा हक्क मला आहे, कारण तसं मन माझ्याकडेही आहे. दोन अडॅप्टर काढता आले असते, एक साधा आणि एक मोटरवाला, महाग. घेणारा घेईल. आम्हीही जुनी आवृत्ती पैसे घेऊन आणखी वर्षभर चालवू शकलो असतो. हा विचार बैठकीत निघाला होता आणि मीच तो खोडला होता.

सांगलीत त्या दिवशी मी मामांना व्ह्यूफाइंडरमधला चौकोन दाखवला. फोकस जमला की तो हिरवा होतो. मामांनी डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्या सैल रिंगवर ठेवली, दोनदा पुढे गेले, मागे आले. मामी शेंगांमधून मान वर न करता म्हणाल्या, "झालं का एकदाचं?" चौकोन हिरवा झाला, परत लाल झाला, परत हिरवा. मामांनी बटण दाबलं. पडद्यावर मोठं करून बघितलं तर फोकस मामींच्या डोळ्यांऐवजी कानातल्या कुडीवर होता.

"डी९० नं डोळा धरला असता," मामा म्हणाले आणि आणखी एक काढायला परत कॅमेरा वर घेतला.